तांडेलाची झोप

आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर माझा फोटो आहे आणि फोटोखाली चार ओळी. सहसंस्थापक, निद्राविज्ञान आणि आरोग्य-तंत्रज्ञान या क्षेत्रांतला दीर्घ अनुभव, वगैरे. त्या ओळी माझ्या भागीदाराने लिहिल्या. त्याने वाचून दाखवल्या तेव्हा मी विचारलं, "दीर्घ म्हणजे कधीपासून?" तो म्हणाला, "ते तू सांग." मी विषय बदलला. खरं सांगायचं तर हा अनुभव मी पाळण्यात असल्यापासूनचा आहे, आणि गुंतवणूकदारांना असलं काही सांगितलं की ते हसतात आणि पुढची स्लाइड मागतात.

माझी पार्श्वभूमी म्हणजे रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला असलेली आमची दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत मी, मधल्या दाराला पडदा आणि पडद्यापलीकडे आईबाबा. बाबा ट्रॉलरवर तांडेल होते. बोट मालकाची असते, पण बंदर सुटलं की शब्द तांडेलाचा. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, वारा फिरला तर कुठल्या खाडीत शिरायचं, हे सगळं त्याने ठरवायचं. काही दिवस समुद्रात आणि मग दोनेक दिवस घरी, असं बाबांचं वर्ष जायचं. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की सलग दोन महिने घरी.

बाबांचं घोरणं अख्ख्या वाडीला माहीत होतं. ते घरी आलेत की नाहीत हे विचारायला कोणाला दार वाजवावं लागत नसे. आणि याचं कोणाला वावगं वाटत नव्हतं, उलट कौतुकच होतं. आमच्याकडे घोरणारा माणूस म्हणजे ठणठणीत माणूस: पोटभर जेवलाय, अंगमेहनत केलीय, डोक्याला कसला घोर नाही. माझ्या आत्याला जावई मिळाला तो बिचारा आवाज न करता झोपायचा, तर तिला वर्षभर काळजी. "त्याच्या अंगात रक्त हाय की नाय?" असं ती आईला विचारायची. बाबांकडे बोट दाखवून म्हणायची, "माझ्या भावाला बघ. झोपावं तर असं."

मला आज या कौतुकाचा भयंकर राग येतो. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर, कोणाच्या घरी जेवायला गेलेली असताना, कुठेही कोणी म्हटलं की "काय गाढ झोपलाय बघा, कसा घोरतोय," की मी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करते. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. घशातली वाट अरुंद झालीय आणि हवा धक्काबुक्की करून आत शिरतेय, त्याचा तो आवाज. लोकांची तोंडं उतरतात. भागीदार म्हणतो, तुला घेऊन कोणाच्या बारशाला जायची सोय राहिली नाही. मी त्याला सांगते, नको नेऊस.

घोरण्यापेक्षाही वाईट असतं ते त्याच्या मधलं थांबणं. बाबांचा श्वास खरखरत वर चढायचा आणि एकदम सगळं बंद. आवाज नाही, श्वास नाही. मग पडद्यापलीकडे आईच्या बांगड्या वाजायच्या. आई कोपराने बाबांच्या बरगडीत ढोसायची. बाबा दचकून मोठा श्वास घ्यायचे, कुशीवर वळायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. हे मी इतक्या वेळा ऐकलं की मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी नवरे असेच झोपतात आणि बायका अशाच जागतात. सकाळी बाबांना यातलं काही आठवत नसे. "मस्त झोप झाली," म्हणून ते चहा मागायचे आणि चहा पिता पिता डुलक्या काढायचे.

आई कोळंबी सोलायला शेडवर जायची. बर्फातल्या कोळंबीचा ढीग, भोवती पाटांवर बसलेल्या बायका, आणि त्यात माझी आई हातातली कोळंबी तशीच धरून पेंगायची. बाबांची बोट बंदराला लागलेली असली की हे हमखास. मग बायकांना जोर यायचा. "घरधनी आला वाटतं काल," एक म्हणायची. दुसरी म्हणायची, "आता दोन दिवस हिच्या हातून काय काम होत नाय." सगळ्या हसायच्या. आई पदर तोंडाला लावून लाजल्यासारखं करायची आणि त्यांचा गैरसमज तसाच राहू द्यायची. शाळा सुटल्यावर मी शेडवर जायचे तेव्हा ही थट्टा मला कळत नसे. कळायला लागली तेव्हा शरम वाटली. आणि खरं काय ते कळलं तेव्हा मी पुण्यात होते.

पावसाळ्याची बंदी आली की आई सुकत जायची. डोळ्यांखाली काळं, बोलण्यात चिरचिर, भाजीत दोनदा मीठ. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडल्या की आठवड्याभरात तिच्या चेहऱ्यावर तजेला यायचा. माझ्या पोरबुद्धीने मी याचा एकच अर्थ लावला होता: आईचं आणि बाबांचं पटत नाही. बाबा गेले की ती खूश असते. मी त्यामुळे बाबांची बाजू घ्यायचे आणि आईशी तुटक वागायचे. तिने एकदाही मला सांगितलं नाही की अगो, बाबा गेले की मी झोपते, एवढंच.

मग समुद्रावर बाबांचं काय होत असेल, हा प्रश्न तुम्हाला पडेल. बाबांनी आपल्यापुरता एक उपाय शोधून काढला होता. बोटीवर ते कधी आडवे होत नसत. केबिनमध्ये पाठ भिंतीला लावून, पाय पसरून, बसल्या बसल्या झोपायचे. आडवा झालो की छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं, असं म्हणायचे. खलाशी त्याचा भलताच अर्थ काढायचे. आमचा तांडेल पाठ टेकत नाही, एक डोळा उघडा ठेवून झोपतो, असं ते इतर बोटींवरच्या लोकांना अभिमानाने सांगायचे. बसून झोपलं की घसा तितका मिटत नाही, हे शास्त्र. बाबा त्या शास्त्राच्या आधारावर कितीतरी वर्षं जगले, आणि त्यांना वाटत होतं की ही आपली सवय आहे.

पुण्यात मी बी.एस्सी. केलं आणि मग एका रुग्णालयातल्या झोपेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले. निद्राविज्ञान हा शब्द ऐकून लोकांना स्वप्नं वगैरे आठवतात. आमचं काम फारच रुक्ष. माणसाच्या डोक्याला, छातीला, बोटाला, नाकाशी तारा चिकटवायच्या, त्याला झोपू द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी उजेडात संगणकापुढे बसून त्याच्या झोपेच्या रेघा एकेक करून तपासायच्या. मेंदूची रेघ, श्वासाची रेघ, रक्तातल्या ऑक्सिजनची रेघ. शिकत असताना पहिल्यांदा माझ्या वरिष्ठ बाईंनी श्वासाच्या रेघेवर बोट ठेवलं. ती वरखाली होत होती आणि मग सपाट झाली. छाती हलत होती, हवा मात्र जात नव्हती. खाली ऑक्सिजनची रेघ घसरायला लागली. मग मेंदूची रेघ एकदम खवळली आणि श्वास परत आला. "बघ," बाई म्हणाल्या, "गुदमरून मेंदू स्वतःला जागं करतो. पेशंटला पत्ताही नसतो."

मी त्या सपाट रेघेकडे बघत राहिले. माझ्या ओळखीची होती ती. तिच्यात फक्त बांगड्यांचा आवाज नव्हता.

मी बाहेर जिन्यात जाऊन आईला फोन लावला. ती शेडवर होती. मी म्हटलं, "आई, तू बाबांना कोपर का मारतेस?" ती बायकांतून उठून बाजूला आली. मग हळू आवाजात म्हणाली, "ते श्वास घ्यायला विसरतात गो." मी विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्या दिसापासून." तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, तांडेल आजारी आहे, आणि आजारी तांडेलाच्या हाती कोण बोट देणार? म्हणून ती हसून घेत राहिली, लाजत राहिली, आणि जागत राहिली. मला तिचा संताप आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. जिन्यातून जाणाऱ्या वॉर्डबॉयने विचारलं, "मॅडम, कोणी गेलं का?"

बाबांना तपासणीला पुण्याला बोलावलं तर ते पोट धरून हसले. "झोपायला पुण्याला कोण जातो गो बाय? हितं काय झोप मिळत नाय?" मी समजावलं, चिडले, आकडे सांगितले, हृदयावर ताण कसा येतो ते सांगितलं. ते म्हणाले, "तू शिक. बोटीचं मी बघतो." आई मागून म्हणाली, "राहू दे गो. मी हाय ना." या वाक्यापुढे माझं सगळं शिक्षण थिटं पडायचं. खरंच ती होती.

पुढे मी एका उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत गेले, तिथे भागीदार भेटला, आणि आम्ही स्वतःची छोटी कंपनी काढली. या आजारावर एक मशीन असतं. नाकावर मास्क लावायचा, मशीन हवा हलक्या दाबाने आत ढकलतं, घसा उघडा राहतो, माणूस झोपतो. परदेशी मशीनं महाग, आवाज करणारी, आणि मास्क आपल्याकडच्या चेहऱ्यांना धड न बसणारे. मिशी असली की बाजूने हवा सुटते. आम्ही मिशीवाल्या माणसांसाठी मास्क बनवायला घेतला. भागीदाराला वाटायचं की ही बाजाराची मोठी संधी आहे. मी मनातल्या मनात एकाच मिशीचं माप घेत होते.

गुंतवणूकदारांपुढे बोलताना भागीदार मला आईच्या कोपराची गोष्ट सांगायला लावायचा. लोकांना ती फार आवडायची. एकजण म्हणाला होता, "वा, म्हणजे तुमचं प्रॉडक्ट म्हणजे डिजिटल कोपर!" सगळे हसले. मीही हसले, कारण आम्हाला त्यांची गरज होती. गाडीत बसल्यावर भागीदाराला म्हटलं, पुन्हा ही गोष्ट मी सांगणार नाही, तुला हवी तर तू सांग, आई तुझी समजून. त्या बिचाऱ्याने गाडी सुरू केली. त्याची चूक नव्हती, पण मला त्या क्षणी कोणावर तरी ओरडायचं होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आई गेली.

ती आधीच झिजलेली होती. तिला रुग्णालयात ठेवलं तेव्हा बाबांनाही ताप होता, पण ते घरीच बरे झाले. मला पुण्याहून जायला परवानगी मिळेपर्यंत सगळं आटपलं होतं. बाबांनी तिला शेवटचं पाहिलं ते फोनवर. एका नर्सने दया येऊन स्वतःच्या फोनवरून दाखवलं. आईच्या नाकातोंडावर मास्क, मागे पट्टे आवळलेले, नळी, हवेचा फस फस आवाज. आई तो मास्क ओढून काढू बघायची, म्हणून तिचे हात खाटेच्या कडेला मऊ पट्टीने बांधले होते. असं करावं लागतं, मी स्वतः तंत्रज्ञ आहे, मला माहीत आहे. नर्सने काही वाईट केलं नाही. पण बाबांनी तिचे हात बांधलेले पाहिले. त्या दिवसांत वाडीत एकच बोललं जायचं: मशीन लावलं की माणूस परत येत नाही. कितीतरी घरांत तसंच झालं होतं. आमच्या घरातही तसंच झालं.

बाबा बरे झाले, समुद्रावर जायला लागले, घरी आले की एकटे झोपायला लागले. मला पुण्यात झोप लागेना. झोपेचं शास्त्र शिकलेली बाई रोज उशी बदलून बघत होती, यावर भागीदाराने एकदा विनोद करायचा प्रयत्न केला आणि माझा चेहरा बघून सोडून दिला. मला एवढंच दिसत होतं की पडद्यापलीकडे आता कोणी नाही. बाबांचं वय वाढलेलं, वजन वाढलेलं, आणि बरगडीत ढोसणारं कोपर गेलेलं. काहीही करून त्यांना मशीन लावायला लावायचं, एवढा एकच विषय माझ्या डोक्यात होता. कंपनी त्यानंतर.

पावसाळ्याच्या बंदीत मी आमचं मशीन घेऊन रत्नागिरीला गेले. बाबांना घेऊन मांडवीच्या किनाऱ्यावर चक्कर मारली, भेळ खाल्ली, त्यांचा मूड बघून घरी आल्यावर पेटी उघडली. मी उत्साहाने बोलत होते. आवाज किती कमी आहे, मिशीसाठी कसा खास बनवलाय, बोटीच्या बॅटरीवरही चालतं. बोलता बोलता मास्क पट्ट्यांसकट टेबलावर ठेवला. बाबा त्याच्याकडे बघत होते.

"तुझ्या आयशीच्या तोंडावर ह्येच होतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाही बाबा, ते वेगळं. तिचं फुप्फुस निकामी झालं होतं, तुम्हाला फक्त घशाचा..." माझी जुनी खोड, मी दुरुस्त करायला लागले. पण मास्क त्याच घाटाचा होता, हे मला नाकारता येईना. मास्क सगळे साधारण सारखेच असतात. नाक असतं तिथेच ते बसवावे लागतात.

मग मला वाटलं, आपण स्वतः लावून दाखवू. भर दुपार होती, बाहेर ऊनपावसाचा खेळ चालला होता. मी खाटेवर आडवी झाले, मास्क लावला, पट्टे ओढले आणि मशीन सुरू केलं. फस फस. अंगठा वर करून मी त्यांना खूण केली, बघा, काही होत नाही. बाबा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तोपर्यंत कधीच तसा पाहिला नव्हता. "काढ ते!" ते ओरडले. "काढ आधी!" आणि मी पट्टा सोडवेपर्यंत त्यांनीच तो खसकन ओढला. माझे केस ओढले गेले. मग ते खाली बसले आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरून रडायला लागले. मोकळे आहेत ना, म्हणून बघत असल्यासारखे मनगटांवरून हात फिरवत होते. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते, असं शेजारी सांगत होते.

त्यानंतर मी हट्ट सोडला असं नाही. हट्ट करायची रीत बदलली. म्हटलं, मशीन नको तर बोट सोडा. माझ्याकडे या. ते म्हणाले, "पुण्यात करू काय? तुमच्या गच्चीवर जाळं टाकू?" मी डॉक्टरांकरवी सांगून पाहिलं, आत्याकरवी सांगून पाहिलं. आत्याने उलट मलाच ऐकवलं, की बापाला मशीनला जोडायची एवढी घाई कशाला झालीय तुला. शेवटी बंदी उठायच्या आधी बाबाच म्हणाले, "दे ते. बोटीवर नेतो. लावतो." ते माझ्यासाठी म्हणत होते, मला दिसत होतं. तरी मी खूश झाले. प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून दिलं, कसं लावायचं ते खलाशांनाही दाखवलं.

आमचं मशीन वापरलं की त्याची नोंद मोबाइलचं नेटवर्क मिळाल्यावर, म्हणजे बोट किनाऱ्याजवळ आल्यावर, कंपनीकडे पोचते. भागीदाराची ती कल्पना, आणि चांगली कल्पना. ऑफिसात सकाळी पहिल्यांदा मी बाबांच्या नावापुढे बघायचे. रोज तिथे काहीच नसायचं. बोट बंदरात आली की त्यांचा फोन यायचा. "लावता ना बाबा?" "लावतो गो." "त्रास नाही ना होत?" "नाय. मस्त झोप लागते." मी फोन ठेवायचे. खोटं पकडलं असतं तर त्यांनी मशीन परत दिलं असतं, आणि निदान ते बोटीवर होतं, कधीतरी लावतील, अशी मला आशा होती. शिवाय तिथे ते बसून झोपतात, हा माझा दुसरा आधार. त्या बसून झोपण्यावर मी फार विसंबले होते.

त्या वर्षी दिवाळीनंतर दाभोळहून फोन आला.

मी पोचले तोवर बाबांना घरी आणलं होतं. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं, पण त्यांच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. सगळं उरकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवरचे खलाशी घरी आले. अंगणात ओळीने बसले, कोणी वर बघेना. त्यांच्यात एक म्हातारा खलाशी होता, दाभोळकडचा, माझ्या जन्माआधीपासून बाबांच्या हाताखाली काम केलेला. त्याला मी काका म्हणते. मी त्याच्यापुढे जाऊन बसले आणि म्हटलं, "काका, काय झालं ते मला नीट सांगा. काही सोडू नका."

तो सांगायला लागला. वारा सुटला होता, म्हणून बाबांनी बोट दाभोळच्या खाडीत घेतली. आणखीही बोटी आत आल्या होत्या. नांगर टाकला, इंजिन बंद केलं. सकाळची न्याहारी झाली. बाबा फार दमलेले दिसत होते. "मीच बोललो त्यांना," काका म्हणाला. "तांडेल, आता कुठं जायचं नाय, बसून कशाला झोपता? आम्ही अंथरूण घालतो, जरा पाठ टेका. ते नको नको बोलत व्हते. मी ऐकला नाय. गोधडी घातली, उशाला माझी चादर दिली. वैनी गेल्यापासून त्यांना कोणी अंथरूण घातलं नव्हतं, बाय."

बाबा आडवे झाले. थोड्या वेळात त्यांचं घोरणं सुरू झालं, शेजारच्या बोटीपर्यंत ऐकू जाईल असं. खलाशी हसले. मग ते घोरणं थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. आणि मग एकदम शांत झालं.

"आम्हाला एवढा आनंद झाला," काका म्हणाला. "बोललो, आज पहिल्यांदा तांडेलाला शांत झोप लागली."

तांडेलाला झोपेतून हाक मारत नाहीत. बोटींवरचा हा रिवाजच आहे. बोट बुडत असेल तर गोष्ट वेगळी, एरवी तांडेल आपला आपण उठतो, आणि तो उठेपर्यंत सगळे थांबतात. ते थांबले. काकाने रेडिओ बंद करायला लावला. भांडी घासायची राहू दिली. एक जाळं फाटलं होतं ते सगळ्यांनी पुढच्या टोकाला नेऊन, कुजबुजत, शिवलं. दुसरी एक बोट यांच्या बोटीला दोर बांधायला आली तर काकाने हातानेच तिला लांब जायची खूण केली, तोंडावर बोट ठेवून. दुपारी वारा पडला. खाडीतल्या सगळ्या बोटी एकामागून एक मासेमारीला निघून गेल्या. पगारी कोणी नव्हते ते, जे मिळेल त्यात सगळ्यांचा वाटा. तरी एकजणही म्हणाला नाही की तांडेलाला उठवा. उन्हं उतरायला लागली तेव्हा काका त्यांच्या अंगावर पांघरूण घालायला म्हणून केबिनमध्ये गेला.

मी ऐकत होते, आणि माझ्या डोक्यात माझं शिक्षण आपोआप चालू होतं. पाठीवर आडवे, उशी उंच, मान पुढे झुकलेली, दमलेलं शरीर. घोरणं, थांबणं, घोरणं, थांबणं. सपाट रेघ. एका धक्क्याचं काम होतं. कोणीतरी भांडं पाडलं असतं, रेडिओ मोठ्याने लावला असता, शिवी हासडून हाक मारली असती, तर कदाचित. मशीन त्याच केबिनमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं. त्या सगळ्यांनी जीव लावून, स्वतःच्या पोटावर पाय देऊन, बाबांच्या भोवती शांतता राखली होती.

"बाय," काका म्हणाला, आणि आता त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "बरोबर केला ना आम्ही? उठवायला हवा व्हता काय?"

बाकीचे खलाशीही वर बघायला लागले. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. लोकांना तोंडावर दुरुस्त करण्यात मी आयुष्य घालवलंय. ओठांवर आलं होतं सगळं.

"बरोबर केलंत, काका," मी म्हटलं. "फार दमले होते ते. झोपू दिलंत, बरं केलंत."

काकाने दोन्ही हात जोडले. त्याच्या अंगावरचं ओझं उतरलेलं दिसलं. मग तो मागे वळला आणि बाकीच्यांना म्हणाला, "बघा, मी बोललो व्हतो ना तुम्हाला? ती झोपेचंच शिकलीय. तिला सगळं कळतं."